जपानचा रेल पास, मांडीवरचं पोरगं आणि सासूबाईंचा डबा

पत्र:
ताई, नमस्कार. आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, सात वर्षांची लेक, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, एप्रिलच्या शेवटी जपानला चाललोय. विमान टोकियोचंच जाऊन-येऊन बुक झालंय, २६ एप्रिलला उतरतो, ८ मेला परत. २ मेला बुलेट ट्रेनने टोकियोहून क्योटो, मग ओसाका आणि ७ मेला परत टोकियो असं ठरवलंय. एजंट म्हणतो पाचही जणांचा सात दिवसांचा रेल पास काढा, धाकट्याचा पण काढा, नाहीतर तिकडे हाल होतील. नवरा म्हणतो त्याला मांडीवर घेऊ, चार वर्षांच्या पोराचं कसलं तिकीट. यावरून रोज रात्री जेवताना वाद चाललाय. पास घ्यायचा का? मुलाचं तिकीट लागतं का? बुकिंग इथून करायचं की तिथे जाऊन? आणि सासूबाई विचारतायत, गाडीत डबा खाल्लेला चालतो का?
– सिंहगड रोडवरची एक वैतागलेली आई

उत्तर:
अगं, सगळ्यात आधी ते पासचं भूत मानेवरून उतरव.

एजंट खोटं बोलतोय असं नाही म्हणत मी, तो जुनं बोलतोय. रेल्वेने हवं तितकं फिरायचा हा पास एके काळी खरंच लॉटरी होती, डोळे झाकून घ्यावा असा, सात दिवसांचे २९,६५० येन आणि टोकियो-क्योटो एकदा जाऊन आलं की जवळजवळ वसूल. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत एका झटक्यात ५०,००० येन झाली आणि सगळं गणित उलटं झालं, तरी जुने व्हिडिओ, जुने लेख आणि त्याआधी जाऊन आलेले नातेवाईक अजून तेच सांगत बसलेत की जपान म्हणजे पास, पास म्हणजे जपान. आता एक कागद घे आणि नवऱ्याला पण शेजारी बसव.

पास घेतला तर तीन मोठ्यांचे दीड लाख येन, लेकीचा निम्मा म्हणजे २५,०००, आणि एजंट म्हणतो तसा धाकट्याचाही काढला तर आणखी २५,०००. झाले दोन लाख येन. आता सुटी तिकीटं बघ. टोकियो ते क्योटो नोझोमी या बुलेट ट्रेनला रिझर्व्ह सीटचे मोठ्या माणसाला १४,१७० येन, मुलाला ७,०८०. येताना शिन-ओसाका (ओसाकाचं बुलेट ट्रेनचं स्टेशन) ते टोकियो मोठ्याला १४,७२०, मुलाला ७,३५०. तीन मोठे आणि दोन मुलं, दोघा मुलांना स्वतंत्र सीट धरून, जाऊन-येऊन होतात १,१५,५३० येन. गर्दीच्या दिवसांत सीटमागे दोन-चारशे येन वाढतात, ते धरलेस तरी दोन लाखाच्या आसपास कुठेच जात नाही. येनला साधारण साठ पैसे धरले तर फरक पन्नास हजार रुपयांचा पडतो. पन्नास हजार! तेवढ्यात सासूबाईंना घेऊन कोकणात एक अख्खी वेगळी ट्रिप होईल.

बरं, पास घेऊन पण सगळं फुकट असतं असं नाही. सगळ्यात फास्ट गाडी नोझोमी, ती क्योटोला सव्वादोन तासात नेते, पण पासवाल्यांना त्यात बसायचं तर टोकियो-क्योटोचे वरून ४,९६० येन भरावे लागतात, नाहीतर मग हिकारी, जी पाऊण एक तास नाही पण पंचवीस-तीस मिनिटं तरी जास्त घेते आणि गाड्याही कमी. शिवाय क्योटोत तुम्ही फिरणार मुख्यतः सिटी बसने आणि तिथे हा पास चालत नाही. म्हणजे सातातले तीन दिवस पास पर्समध्ये झोपा काढणार. क्योटो ते ओसाका तर साध्या फास्ट लोकलने अर्धा तास, ५८० येन, लेकीला २९०, रिझर्व्हेशन नाही काही नाही, त्यासाठी बुलेट ट्रेन घेणं म्हणजे स्वारगेटहून डेक्कनला विमानाने जाण्यासारखं आहे.

(आणि तू सिंहगड रोडची आहेस म्हणून एक सांगते, तुमच्या तिथली ती पु. ल. देशपांडे उद्यानाची जपानी बाग आहे ना, ती ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलीय, पुणे-ओकायामा मैत्रीची म्हणून. शिन-ओसाकाहून ओकायामा बुलेट ट्रेनने पाऊण तासाच्या आसपास आहे. एक दिवस रिकामा असला तर जाऊन या, सासूबाईंना "हे तर आपल्या इथलंच" म्हणायचा आनंद मिळेल. आणि त्याने पण पास वसूल होत नाही हं, अगदी टोकियो-हिरोशिमा जाऊन-येऊन केलं तरी एका माणसाचे ३९,५२० होतात, मी करून बघितलंय ते गणित.)

आता नवऱ्याचं मांडीवर प्रकरण. नियमाने तो बरोबर आहे, हे त्याला आज जेवताना सांग म्हणजे घरात शांतता होईल. आपल्याकडे रेल्वेत पाच वर्षांखालचं मूल बर्थ नको असेल तर फुकट, तसं जपानमध्ये सहा वर्षांखालचं फुकट, आणि तिकीट काढलेल्या एका माणसामागे अशी दोन पिल्लं चालतात. सहा ते अकरा अर्धं तिकीट. पण फुकटची खरी अट काय आहे ते बघ: रिझर्व्ह डब्यात मूल मांडीवर असेल तरच फुकट, त्याला स्वतःची सीट हवी असेल तर मुलाचं अर्धं तिकीट काढायचं. अनरिझर्व्ह डब्यात जागा रिकामी मिळाली तर फुकट बसू शकतो, पण ती गोष्ट पुढे येतेच.

चार वर्षांचं पोरगं मांडीवर सव्वादोन तास. मी केलंय गं हे. आमचा धाकटा तेव्हा साधारण तेवढाच होता आणि मला पण वाटलं होतं सात हजार येन कशाला, पोरगं किती लहान आहे. पहिला अर्धा तास खिडकीला नाक लावून उभा, मग भूक, मग शू, मग परत भूक आणि नागोया यायच्या आधी गाढ झोपला, डोकं माझ्या कोपरावर आणि पाय शेजारच्या सूटवाल्या काकांच्या मांडीवर. ते बिचारे आपला जेवणाचा खोका छातीशी धरून बसले होते, उघडायची सोय नव्हती. मी दर दोन मिनिटांनी "सुमीमासेन" (माफ करा) म्हणतेय, ते दर दोन मिनिटांनी मान हलवतायत, समोर माझा चहा गार होतोय आणि हात मोकळा नाही. क्योटोला उतरताना खांदा असा आखडला होता की बॅग नवऱ्यालाच उचलावी लागली. सात हजार येन म्हणजे चार-सव्वाचार हजार रुपये, मी तेव्हाच दिले असते.

तुमचं तर नशीब असं आहे की तुम्ही बरोब्बर पाच आहात. शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, साध्या डब्यात एका रांगेत पाचच सीट असतात, एका बाजूला ए-बी-सी, मधे वाट, दुसऱ्या बाजूला डी-ई. पाच सीट घेतल्यात की अख्खी रांग तुमची, पाय कुणाच्या मांडीवर गेले तर घरच्याच माणसाच्या जातील. लेक आणि आजी डी-ईला, कारण ई म्हणजे फुजी पर्वताची बाजू. टोकियोहून निघाल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उजवीकडे फुजी दिसतो (ढग नसतील तर, त्याची गॅरंटी कोणी देत नाही), आणि येताना पण ईच घ्यायची, फक्त बाजू डावी होते. एक रांग नाही मिळाली तर एकामागे एक दोन रांगांत डी-ई, डी-ई घे आणि पुढची सीट फिरव, खाली पायाशी पेडल असतं, दाबलं की सीट गर्रकन उलटी होते आणि चौघं समोरासमोर. मुलांना गाडीपेक्षा ते पेडलच जास्त आवडतं, आमच्याकडे तर सुटायच्या आधीच तीनदा फिरवून झालं होतं. आणि हो, बुकिंग करताना नोझोमीचा सात नंबरचा डबा चुकून घेऊ नकोस, तो लॅपटॉपवर काम करणाऱ्यांचा आहे, तिथे तुमची वरात गेली तर तुम्हालाही सुख नाही आणि त्यांनाही.

आता खरी काळजीची गोष्ट, जी तू विचारलीच नाहीस.

तारखा. २ मे! अगं तो गोल्डन वीक आहे. २९ एप्रिलला एक सुट्टी, मग ३, ४ आणि ५ मे लागोपाठ सुट्ट्या, अख्खं टोकियो बॅगा भरून गावाला निघतं. आपल्या मुलांची शाळेची सुट्टी आणि त्यांचा हा आठवडा नेमका एकावर एक येतो आणि आपली कितीतरी कुटुंबं दरवर्षी यात सापडतात. डिसेंबर २०२३ पासून तर या दिवसांत, आणि नवीन वर्ष, ऑगस्टमधला ओबोनचा सण या दिवसांतही, नोझोमीचे सगळे डबे रिझर्व्ह करून टाकतात. म्हणजे ते "अनरिझर्व्हमध्ये जागा मिळाली तर फुकट" हे त्या गाडीत विसरायचं, सीट नसेल तर दाराशी उभं राहायचं, सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन.

पण यात एक फट आहे. तू गणपतीच्या आधी मुंबईहून कोकणात जाणारी गाडी बघितलीयस ना, पाय ठेवायला जागा नसते, आणि त्याच दिवशी कोकणातून मुंबईला येणारी बघ, त्यात आरामात बसता येतं. इथे पण तसंच. सुट्टीच्या सुरुवातीला गर्दी टोकियोतून बाहेर, शेवटी टोकियोकडे. तू नेमकी २ मेला बाहेर पडतेयस, सगळ्यांबरोबर. त्यापेक्षा प्लॅन उलटा कर: २६ला उतरलात, दोन रात्री टोकियोत झोप काढा, २८लाच क्योटोला निघा, क्योटो-ओसाका आधी करा आणि ३ मेला परत टोकियोला या, लोक बाहेर पडत असताना तुम्ही आत येताय. मग उरलेले दिवस टोकियो. हॉटेलं अजून फुकट कॅन्सल होणारी असतील तर आजच बदल, हॉटेलं बदलणं शक्य नसेल तर मग २ मेचं तिकीट सेल उघडल्याच्या दिवशीच काढ.

तिकीटं प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला उघडतात, जपानच्या दहाला, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा. तात्काळच्या दहा वाजताइतकी झुंबड नसते पण एका रांगेत पाच सीट हव्यात म्हटल्यावर उशिरा उठून चालणार नाही. स्मार्ट-ईएक्स नावाचं रेल्वेवाल्यांचंच ॲप आहे, इंग्लिशमध्ये, त्यात आपलं कार्ड चालतं आणि खिडकीपेक्षा तिकीट थोडं स्वस्तच पडतं. त्यात तीन मोठे आणि दोन मुलं टाकायचं, धाकट्याला सीट हवीय म्हणजे तो पण मूल म्हणूनच मोजायचा, आणि सीटचा नकाशा उघडून स्वतः रांग निवडायची. गाडी सुटायच्या आधी तिकीट हवं तितक्यांदा बदलता येतं, त्याचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे वेळ चुकली तर काय ही धाकधूक नको. मधल्या एजन्सीच्या साइटवरून घेतलंत तर वर त्यांची फी.

कार्ड मात्र आत्ताच तपास. आपल्या बँका इंटरनॅशनल व्यवहार बंदच ठेवतात, ॲपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावे लागतात, आणि ओटीपीचा मोबाइल हाताशी ठेव. साडेसहाला उठायचं, सीटा निवडायच्या आणि पेमेंटला कार्ड डिक्लाइन, हे नको. गोल्डन वीक नसता तर मी तुला म्हटलं असतं काही इथून बुक करू नकोस, स्टेशनवर मशीन आहेत, इंग्लिशमध्ये बोलतात, नोझोमी तासाला बारापर्यंत सुटतात. पण तुझ्या तारखांना नाही.

सीनियर सिटिझनचं काही शोधत बसू नकोस, पर्यटकांना सासूबाईंच्या वयाची सवलत त्या गाडीत नाही. आपल्याकडे तरी कुठे राहिलीय, २०२० पासून बंदच आहे.

सामानाचा एक नियम लोकांना फार घाबरवतो. लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर बॅग असेल तर तिच्यासाठी डब्यातली शेवटची रांग घ्यावी लागते, जास्तीचे पैसे नाहीत पण आधी बुक करायची, न करता आणली तर १,००० येन. आता टेप घेऊन बॅग मोज. विमानाला चेक-इनची मर्यादाच बहुतेक वेळा १५८ असते, म्हणजे नेहमीच्या बॅगा यात बसतात. मुलाचा स्ट्रोलर या नियमात येत नाही. पण तरी माझं मत विचारशील तर मोठ्या बॅगा गाडीत नेऊच नका. हॉटेलच्या काउंटरवर ताक्क्यूबिन म्हणायचं, ते बॅगा उचलतात आणि बहुतेक दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात पोचवतात, एका बॅगेचे दोन-तीन हजार येन. एक रात्रीचे कपडे पाठीवर. गाडी क्योटोला अगदी थोडा वेळ थांबते, तेवढ्यात झोपलेलं पोरगं, आजी, पाण्याच्या बाटल्या आणि चार सुटकेसेस उतरवणं म्हणजे दादरला उतरण्यासारखं, फक्त मागून ढकलणारं कोणी नाही.

शहरातल्या लोकलसाठी एअरपोर्टवरच कार्डं घे, वेलकम सुइका मिळतं, डिपॉझिट नाही, २८ दिवस चालतं. लेकीचं मुलांचं कार्ड काढ, पासपोर्ट दाखवावा लागतो, त्यात अर्धं भाडं कापतं. आणि टोकियोत मुलांचं कार्ड गेटवर लावलं की पियो-पियो असा चिमणीच्या पिल्लासारखा आवाज येतो, मोठ्यांचं नुसतं पिक् करतं. धाकट्याला कार्ड लागत नाही, तुझ्या पायाशी पायाशी निघून जाईल, पण पियो-पियो ऐकल्यावर तो त्यासाठी रडणार हे मी आत्ताच सांगून ठेवते. बुलेट ट्रेनची कागदी तिकीटं काढलीत तर गेटमधून आत टाकलेलं तिकीट पलीकडच्या टोकाला बाहेर येतं, ते उचलायचं असतं. आमची मुलगी तिकीट टाकून पळाली पुढे, तिकीट राहिलं गेटवर, मागचा माणूस धावत आला म्हणून मिळालं. बाहेर पडताना तेच परत लागतं, हरवलं तर परत पैसे. लेकीला टाकू दे हौसेने, उचलायचं तू.

राहिला डबा. सासूबाईंना सांग, बिनधास्त न्या. शिंकान्सेनमध्ये खाणं म्हणजे तिथला रिवाजच आहे, स्टेशनवर डब्यांची दुकानंच्या दुकानं असतात, एकिबेन म्हणतात त्याला, लोक गाडी सुटली की खोके उघडतात. फक्त त्यातलं शाकाहारी शोधणं अवघड, भाताचा साधा गोळा घेतला तरी आत मासा निघतो, म्हणून थेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू हे घरूनच. शेंगदाण्याची चालेल, लसणाची नको, गाडीचा बंद डबा आहे तो, सगळ्यांचा. गाडीत चहा-कॉफी विकायला येणारी ढकलगाडी या मार्गावर साध्या डब्यांत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली, तेव्हा पाणी आणि मुलांचं दूध प्लॅटफॉर्मवरून घेऊनच चढा. शहरातल्या लोकलमध्ये मात्र डबा उघडायचा नाही, तिथे कोणी खात नाही. आणि धाकट्याला गाडी लागली, फारच रडायला लागला तर अकरा नंबरच्या डब्यात एक छोटी खोली असते, कंडक्टरला विचारलं की उघडून देतो, त्यामुळे सीटा अकरा-बारा नंबरच्या डब्यात मिळतायत का ते आधी बघ.